लगाम तुझा, पोट माझं

२१ मार्च १९६६, सोमवार. बैरुत

फीलिप म्हणतो, रोज चार ओळी लिहीत जा, पुढंमागं आत्मचरित्र काढू. लिहितोय खरा, पण ही वही त्याच्या हाती पडू देणार नाही. व्यवस्थापक झाला म्हणून त्याला माझं सगळंच कळायला हवं असं नाही.

काल सीरियात तदमुरच्या पलीकडं, वाळवंटातल्या बदू टोळीच्या शेख दह्हामच्या तळावर जाऊन घोडी घेतली. नाव अनूद. करडी, पाच वर्षांची, मान अशी काढते की कॅमेरावालेसुद्धा मला सोडून तिच्याकडं वळले. जुलैत माझा नवा सिनेमा लागतोय. 'वाळवंटाचा राजपुत्र शाहीन', म्हणजे मी, गळ्यानं गातो तसा रिंगणातही जिंकतो, हे लोकांना दिसायला हवं, अशी फीलिपची अटकळ. घोडी पारखायला बरकातला नेलं होतं. बैरुतच्या रेसकोर्सवर तीस वर्षं घोडी तयार करतोय. सगळे त्याला मुअल्लिम, म्हणजे गुरू, म्हणतात. बोलतो कमी. कमी बोलणाऱ्याचं मला नेहमी वाटतं, उरलेलं कुठं बोलत असेल?

तंबूत खूप माणसं होती. शेखच्या कारकुनानं लांबलचक कागद लिहिला, दोन साक्षीदार बसले. शेखनं घोडीचा लगाम माझ्या हातात दिला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "लगाम तुझा, पोट माझं. चाळीस दिवस झालेत. ओझं हलकं आहे, पण ओझं आहे. समजलं ना, बाबा? की फोड करून सांगू?"

शेखचे मुलगे बघत होते, फोटो निघत होते. मी हसलो. म्हणालो, "वाळवंटाच्या लेकराला हे शिकवता होय, शेख? आमच्या रक्तातच आहे ते."

सगळे खूश झाले. काय सुंदर बोलतात ही माणसं! पुढच्या गाण्यात ही ओळ घालायला हवी.

मी झाहले गावच्या शिंप्याचा मुलगा शुकरी खय्यात आहे, हे फक्त माझ्या बायकोला, आयदाला, फीलिपला आणि माझ्या जन्मदाखल्याला ठाऊक. झाहलेतल्या म्हाताऱ्यांनाही असेल, पण ते सिनेमे बघत नाहीत.

३ एप्रिल, रविवार

जिंकली! पहिल्याच शर्यतीत, दोन घोड्यांच्या अंतरानं!

मी पूर्ण पोशाखात गेलो होतो, कमरेला खंजीर. प्रेक्षकांत बायका किंचाळत होत्या. विनोदी नट मुनीर तब्बारा आपल्या सुलतान घोड्याचा मालक म्हणून हिंडत असतो. आज सुलतान सहावा. तरी तोंड बंद नाही.

"राजपुत्रा, घोडी झकास आहे. तुझी आहे की शूटिंगपुरती भाड्यानं?"

"तुझा सुलतान कुठाय? की अजून पळतोच आहे?"

माणसं हसली. तोही हसला, पण जरा जास्तच वेळ. मग तो बरकातच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि बरकातनं मान हलवली. काय बोलले असतील?

१९ एप्रिल, मंगळवार

सकाळी न कळवता तबेल्यावर गेलो. बाकीची घोडी धावत होती आणि अनूद सावलीत उभी राहून वाळलेले जर्दाळू खात होती. बरकात स्वतः भरवत होता.

म्हटलं, "मुअल्लिम, ही रेसची घोडी आहे की नवी नवरी?"

"हलकी धाव झाली तिची, उस्ताद. या दिवसांत एवढीच पुरे."

"या दिवसांत म्हणजे कसल्या?"

तो माझ्याकडं बघून हसला, जणू मी मुद्दाम अजाणतेपणाचं सोंग घेतोय. "तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या रक्तातच आहे."

माझंच वाक्य मला परत! टोमणा होता की काय? फीलिपला सांगितलं. तो म्हणाला, "शाहीन, तीस वर्षं त्या धंद्यात राहून माणूस सरळ राहतो का?" मलाही तेच वाटत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खात्री पटते.

८ मे, रविवार

दुसरी आली. अर्ध्या मानेनं हुकली! शेवटच्या वळणावर जॉकीनं चाबूक उचललाच नाही. हा माझा भ्रम नव्हे, दुर्बिणीतून बघत होतो.

जॉकीला गाठलं. तो म्हणाला, "मुअल्लिमची ताकीद आहे. अनूदला चाबूक लावायचा नाही."

"घोडी कुणाची?"

"तुमची, उस्ताद." आणि मग हळूच, "लगाम तुमचा."

जॉकीच्या तोंडीसुद्धा हे वाक्य! म्हणजे शेख, बरकात, जॉकी, सगळे एकाच ताटातले. जिंकलं कोण? सुलतान. मुनीरनं लांबूनच टोपी उडवून मला सलाम केला.

१५ मे, रविवार

आज शर्यत नव्हती तरी गेलो. डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलंय.

एक बघितलं. सुलतान शेजारून गेला तेव्हा बाकीच्या दोन घोड्या खिंकाळल्या, शेपट्या उचलू लागल्या. वसंतात घोड्यांचं असंच चालतं म्हणे. अनूदनं मात्र कान मागं टाकले आणि अशी लाथ झाडली की फळी निघाली. पाच वर्षांची तरणीताठी घोडी! नक्कीच तिला काहीतरी गुंगीचं देतायत.

तिच्या टोपलीतलं मूठभर खाद्य रुमालात बांधून आणलं आणि आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याला दिलं. त्यानं हुंगलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"भिजवलेले सातू, कोंडा, जवस, जर्दाळू. बडीशेपही आहे थोडी. शाहीनसाहेब, पहिल्या खेपेला माझ्या सासूनं बायकोला अगदी असंच खायला घातलं होतं."

"विष?"

"सासूनं? नाही हो, अजून तरी नाही."

औषध इतकं भारी आहे की चवीलाही सापडत नाही. म्हणजे मोठी माणसं यात आहेत.

२४ मे, मंगळवार

आज सगळा उलगडा झाला.

फीलिपला खबर लागली की शेख दह्हाम शहरात आलेत. मला निरोप नाही, आमंत्रण नाही! आपल्या मालाचं गिऱ्हाईक शहरात राहतं, तर आधी त्याच्याकडं कॉफीला जातात. मी गाडी लांब लावून तबेल्यामागच्या निलगिरीच्या झाडांत उभा राहिलो. चष्मा, साधा कोट. कुणी ओळखलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

म्हातारा अनूदपाशी उकिडवा बसला होता. तिच्या पोटाला कान लावला. मग दोन्ही तळवे टेकवून बराच वेळ तसाच राहिला. बरकात काहीतरी बोलला. दोघं हसले, आणि मी पाहिलं, शेखनं डोळे पुसले. जाताना तिच्या शेपटीत लोकरीचा निळा धागा बांधला.

खूण! हा धागा कुणाला दिसण्यासाठी? ही घोडी हरणार म्हणून पैसे लावणाऱ्यांना? शिवाय पोट चाचपून काय बघत होता? खाद्य लागू पडतंय का ते. हरवून हरवून घोडी कवडीमोल करायची आणि मग मातीच्या भावात परत घ्यायची, हा डाव आहे. रडण्याचं तेवढं कळलं नाही. म्हातारी माणसं कशानंही रडतात.

आयदाला सांगितलं. ती म्हणाली, "मी तबेल्यावर गेले होते ना परवा. अनूदचे डोळे बघितलेस? मला ते ओळखीचे वाटले." मग म्हणाली, "शुकरी, तो कागद वाचलास का रे?"

कागद फीलिपच्या तिजोरीत आहे. आणि ही माझ्या माघारी तबेल्यावर का गेली होती?

२ जून, गुरुवार

बरकात स्वतः घरी आला. टोपी हातात, उभाच राहिला.

"उस्ताद, आता बास. दोन शर्यती ठरल्या होत्या, झाल्या. आता तिला घरी पाठवा."

"कुणाच्या घरी?"

"शेखच्या माळावर. तिथं गवत आहे, मोकळी हवा आहे. वेळ आली की तिथंच मोकळी होईल."

मोकळी! माझ्या तोंडावर सांगतो, माझी घोडी माझ्या हातून मोकळी होईल! मी इतका भडकलो की आवाज फुटेना. माझा आवाज, ज्याच्यासाठी लोक दमास्कसहून येतात.

"सव्वीस तारखेला मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत आहे. ती पळणार."

बरकातचा चेहरा पांढरा पडला. चोराचा पडतो तसा. "हे तुम्ही समजून उमजून बोलताय?"

"पूर्ण समजून. मला सगळं कळलंय, मुअल्लिम. पोटाचंसुद्धा." मला खाद्याचं म्हणायचं होतं.

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "कळूनसुद्धा?" एवढंच म्हणाला. "मग माझ्या हातून हे व्हायचं नाही. दुसरा माणूस बघा."

मी त्याला काढायच्या आधीच निघून गेला. पकडला गेल्यावर माणूस असाच ताठ्यात जातो.

७ जून, मंगळवार

नवा माणूस: कप्तान रिझ्क. घोडदळात होता म्हणतो. मिशा झकास. अनूदला बघितल्याबरोबर म्हणाला, "लाडावून ठेवलीय. पोट सुटलंय बघा. खुराक निम्मा करतो, धाव दुप्पट. तीन आठवड्यांत पोट आत."

असा पाहिजे माणूस! पोट सुटलंय हे मला दिसत नव्हतं का? त्या दोघांनी मुद्दाम चारून फुगवली.

निळा धागा मी माझ्या हातानं कापला. तिनं मान वळवून बघितलं, बाकी काही केलं नाही.

१४ जून, मंगळवार

मी वर्तमानपत्रात मुलाखत दिली. 'माझ्या घोडीला विष चारत होते, मी वेळीच ओळखलं.' नाव घेतलं नाही, पण कळायचं त्यांना कळलं. फीलिप म्हणतो सिनेमाची निम्मी जाहिरात फुकटात झाली. मुनीरचा फोन आला. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"शुकरी, बरकात तसा माणूस नाही. काहीतरी घोळ होतोय. त्याच्याशी एकदा बस."

शुकरी? हे नाव त्याला कुणी सांगितलं? आयदानं? फोन ठेवून दिला.

२२ जून, बुधवार

आयदा आठवडाभर झाहलेला आईकडं गेलीय. घरी मी एकटा. आज दाराखालून चिठ्ठी आली. बरकातचं वेडंवाकडं अक्षर:

'उस्ताद, देवाला स्मरून सांगतो, रविवारी पळवू नका. दोन जिवांचा प्रश्न आहे. शेखकडं माणूस धाडलाय, पण ते कळप घेऊन उत्तरेला गेलेत.'

माझी तर पाचावर धारण बसली. दोन जीव! माझा आणि आयदाचा! उघड धमकी, शिवाय शेखकडं माणूस धाडलाय, म्हणजे त्याचे मुलगेही बोलावून घेतलेत. फीलिपनं दारावर दोन पहारेकरी बसवले. ते दिवसभर टरबूज खातात आणि माझीच गाणी चुकीच्या सुरात म्हणतात.

भीती वाटते, हे इथं लिहायला हरकत नाही. पण माघार घेतली तर लोक काय म्हणतील? वाळवंटाचा राजपुत्र चिठ्ठीला भ्याला?

२६ जून, रविवार

जिंकली. जिंकली. जिंकली!

रिझ्कच्या जॉकीनं शेवटच्या दोनशे मीटरांत चाबूक असा चालवला की आवाज आमच्यापर्यंत आला. सुलतान तिसरा. चषक माझ्या हातात, खंजीर कमरेला, अनूद शेजारी. तिला इतका घाम होता की माझ्या झग्याची बाही भिजली. फोटोवाल्यानं सांगितलं, तिची मान वर करा. केली, पण ती परत खाली घालत होती.

गर्दीत बरकात दिसला. टाळ्या वाजवत नव्हता. घोडीकडं बघत होता, पायांकडं नाही, मुंडीकडं नाही. मला वाटलं होतं हा चेहरा बघून मजा येईल.

१ जुलै, शुक्रवार

लिहवत नाही. पण लिहितो.

पहाटे तबेल्यावरून फोन आला, घोडी आडवी झालीय. आयदाही आली माझ्याबरोबर. आम्ही पोचलो तोवर सगळं संपलं होतं. पशुवैद्य हात धूत होता. पेंढ्यावर पोत्याखाली काहीतरी झाकलेलं.

"साडेचार महिन्यांचं शिंगरू. मादी होती," तो म्हणाला. "घोडी वाचेल. या अवस्थेत पळवायला कुणी सांगितलं हिला?"

मी रिझ्ककडं बघितलं. तो मिशांवरून हात फिरवायचं विसरला होता. "मला वाटलं नुसतं पोट सुटलंय... आणि असतं काही, तर मालकांना ठाऊक असणारच. बदूंचे राजपुत्र ते!"

अनूद मान लांबवून ते पोतं हुंगत होती. आयदा तिच्याजवळ बसली आणि मोठ्यानं रडली. मला रडू आलं नाही. मला एकेक वाक्य ऐकू येत होतं. चाळीस दिवस. ओझं. या दिवसांत. मोकळी होईल. दोन जीव. कुणी काही लपवलं नव्हतं. सगळे मला रोज, तोंडावर, स्वच्छ सांगत होते!

घरी येऊन फीलिपकडून कागद मागवला. आयदानं वाचून दाखवला. घोडीचा लगाम, म्हणजे पाठ, धाव आणि जिंकलेले चषक शाहीनचे. पोट दह्हामचं. पहिली दोन मादी शिंगरं, दूध तुटलं की, दह्हामच्या तळावर पोचवायची. घोडी फळलेली आहे, हे घेणाऱ्याला साक्षीदारांसमोर सांगितलं आणि त्याला ते मान्य आहे. खाली माझी सही. झोकदार, चाहत्यांना देतो तशी.

आयदा म्हणाली, "तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे कळत असेल. तू एकदा विचारलं असतंस तर?"

विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की मला माहीत नाही.

२ जुलै, शनिवार

बरकातच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि मला बघून बंद केलं. मी बाहेरूनच ओरडलो, "मुअल्लिम, माझं चुकलं! मला ठाऊक नव्हतं!" आतून त्याचा आवाज आला, "उस्ताद, तुम्ही स्वतः म्हणालात, पोटाचंसुद्धा कळलंय." 

४ जुलै, सोमवार

आज शेख दह्हाम आले. बरोबर तेच दोन साक्षीदार. बरकातचा माणूस त्यांना माळावर उशिरा गाठू शकला.

पहारेकऱ्यांना मी आधीच घालवलं होतं. आयदानं कॉफी आणली. शेखनं पेला घेतला आणि न पिता पुढ्यात ठेवला. हे मात्र मला ठाऊक आहे, दोन सिनेमांत केलंय: पाहुण्याचं काम झाल्याशिवाय तो घोट घेत नाही. साक्षीदारांनीही पेले खाली ठेवले.

"नुकसानभरपाई मागायला आलो नाही," शेख म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "ती घोडी माझ्या आईच्या घोडीची पणती. असल्या मादीची मी नऊ वर्षं वाट बघितली. ते जाऊ दे, देवानं नेली. मला एवढंच सांग, मी तुझं काय वाकडं केलं होतं? माझ्या पोटावर चाबूक का चालवलास?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. माझ्या अंगावर साधा सदरा होता. म्हणालो, "शेख, मला माहीत नव्हतं. मी बदू नाही. मी शिंप्याचा मुलगा आहे, झाहलेचा. 'पोट माझं' म्हणजे काय ते मला कळलंच नाही. मला वाटलं, नुसतं बोलण्याची पद्धत आहे. विचारायची लाज वाटली."

आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसांसमोर हे बोललो. वाटलं, आता ते शिव्या देतील, नाहीतर हसतील. दोन्ही चाललं असतं.

शेखनं साक्षीदारांकडं बघितलं. एकजण म्हणाला, "शेखना विचारताना मी ऐकलं. समजलं का, फोड करून सांगू का. हा म्हणाला, रक्तात आहे."

"तेव्हा खोटं बोललो!"

"आणि आज खरं?"

"आयदा, सांग ना यांना!"

आयदानं सांगितलं. शेखनं तिचं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही नवऱ्याला सांभाळून घेताय. घेतलंच पाहिजे."

तेव्हा मला या वहीची आठवण झाली. आत धावत जाऊन आणली. म्हटलं, "यात सगळं आहे, शेख. पहिल्या दिवसापासून. मी बरकातला चोर समजत होतो, तुम्हाला लबाड समजत होतो, खाद्य तपासायला दिलं होतं. कुणाकडूनही वाचून घ्या. लिहिलंय सगळं."

त्यांनी वही हातात घेतली, उघडली नाही. वजन करावं तशी क्षणभर धरली आणि मला परत दिली.

"तुझ्या गाण्यांतही लिहिलेलं असतं," ते म्हणाले, "की तू तंबूत जन्मलास. आमच्या बायका ते खरं मानून रडतात."

माझ्याकडं ते ज्या नजरेनं बघत होते ती मला चांगली ठाऊक आहे. मार्चपासून मी बरकातकडं तसाच बघत आलोय.

ते उठले, साक्षीदार उठले. मी दारापर्यंत त्यांच्यामागं गेलो. एकच म्हणत होतो, मला माहीत नव्हतं, शेख, खरंच माहीत नव्हतं. दुसरा साक्षीदार जिन्यात वळून म्हणाला, "पुरे, शाहीन. फार छान करतोस तू हे."